अटलांटिकवरची आखूड रात्र

विमानांची वेळापत्रके भूगोलाच्या तासाला फार उपयोगी पडतात. पुढील दोन ओळी फळ्यावर लिहाव्यात. न्यूयॉर्कहून रात्री ८ वाजता निघालेले विमान लंडनला सकाळी ७.३० वाजता पोहोचते. लंडनहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता पोहोचते. (या नमुन्याच्या वेळा आहेत. कंपनी आणि ऋतू यांप्रमाणे त्या अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतात.) प्रवासाला किती वेळ लागला, असे विचारले तर आठवीच्या वर्गातील बहुतेक मुले वजाबाकी करून उत्तर देतील : जाताना साडेअकरा तास, येताना तीन तास. एखादी मुलगी म्हणेल की दोन्ही गावांची घड्याळे वेगळी आहेत. तिचे बरोबर आहे. घड्याळांतील पाच तासांचा फरक जमेस धरला की एका बाजूचा प्रवास साडेसहा तासांचा आणि दुसऱ्या बाजूचा आठ तासांचा निघतो.

पण या उत्तरातून आणखी दोन प्रश्न उरतात. अंतर तेच असताना दीड तासाचा फरक कसा पडला? आणि युरोपकडे येणारी बहुतेक विमाने रात्री आणि अमेरिकेकडे जाणारी बहुतेक दिवसा का उडतात?

हे प्रश्न आज नाशिकलाही परके नाहीत. कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिकरोड या भागांत मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली घरे पुष्कळ आहेत. आईवडील सहा महिने तिकडे राहतात आणि परततात. परतीचा एक नेहमीचा मार्ग न्यूयॉर्क–लंडन–मुंबई असा आहे आणि त्याचा पहिला टप्पा म्हणजे अटलांटिकवरची रात्र. वडिलांचे गुडघे आणि आईचे सुजणारे पाय पाहून अलीकडे काही मुले त्यांच्यासाठी बिझनेस क्लासचे तिकीट काढतात. साध्या तिकिटाच्या कित्येक पट पैसे मोजून मुख्यतः एकच गोष्ट मिळते : पूर्ण आडवी होणारी खुर्ची, म्हणजे बिछाना. ‘झोपून येतील, म्हणजे त्रास होणार नाही’ असा मुलांचा हिशेब असतो. हा हिशेब कितपत बरोबर आहे, हे आपण येथे पाहणार आहोत. त्यासाठी आधी त्या रात्रीची लांबी मोजली पाहिजे.

नाशिक आणि न्यूयॉर्क

नकाशात नाशिकचे रेखांश पाहावेत. ते सुमारे ७३ अंश ४७ मिनिटे पूर्व आहेत. आता न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे रेखांश पाहावेत. ते सुमारे ७३ अंश ४७ मिनिटे पश्चिम आहेत! हा निव्वळ योगायोग आहे, पण शिकवायला अतिशय सोयीचा आहे. ग्रीनिचच्या रेषेवर आरसा धरला तर पूर्व-पश्चिमेच्या मोजणीत नाशिकचे प्रतिबिंब न्यूयॉर्कला पडते.

पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. म्हणजे नाशिकचा सूर्य ग्रीनिचच्या ४ तास ५५ मिनिटे पुढे आणि न्यूयॉर्कचा तितकाच मागे. ग्रीनिचला सूर्य डोक्यावर असेल तेव्हा नाशिकच्या सूर्यघड्याळात दुपारचे ४ वाजून ५५ मिनिटे झालेली असतील आणि न्यूयॉर्कला सकाळचे ७ वाजून ५ मिनिटे. (भिंतीवरची घड्याळे थोडे निराळे सांगतील. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरची असल्यामुळे नाशिकचे घड्याळ नाशिकच्या सूर्यापेक्षा सुमारे ३५ मिनिटे पुढे असते. न्यूयॉर्कचे हिवाळी घड्याळ मात्र तेथील सूर्याशी पाचएक मिनिटांच्या आतबाहेर जुळते. म्हणूनच दोन्ही गावांच्या सूर्यांत ९ तास ५० मिनिटांचे, तर हिवाळ्यात घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर असते.)

आता विमानात बसू. सोपेपणासाठी दिवस आणि रात्र समान आहेत असे धरू, म्हणजे सूर्य सहाला मावळतो आणि सहाला उगवतो. सूर्यघड्याळाप्रमाणे रात्री ८ ला विमान निघाले. साडेसहा तासांच्या उड्डाणात प्रवाशाच्या मनगटावरचे घड्याळ साडेसहा तास पुढे गेले. पण त्याच वेळात तो पूर्वेकडे ७४ अंश सरकला, म्हणजे ४ तास ५५ मिनिटांची वाट सूर्याच्या दिशेने चालून गेला. त्याच्या भोवतालचा ‘सूर्यकाळ’ त्यामुळे ११ तास २५ मिनिटांनी पुढे गेला. मनगटावरच्या प्रत्येक तासाला खिडकीबाहेर पावणेदोन तास होत होते. रात्री ८ पासून सकाळी ६ पर्यंतची दहा तासांची रात्र या हिशेबाने पाच तास चाळीस मिनिटांत संपली. त्यातही विमान अकरा किलोमीटर उंचीवर असल्यामुळे तेथील प्रवाशाला जमिनीवरच्या माणसापेक्षा सूर्य थोडा लवकर दिसतो. क्षितिज खाली गेलेले असते.

हे झाले समान दिवस-रात्रीचे. जूनच्या अखेरीस न्यूयॉर्कला सूर्य मावळल्यानंतर अवघ्या सव्वातीन तासांत तो लंडनला उगवतो. उन्हाळ्यातील विमानात ही रात्र पाच तासांच्याही खाली येते आणि उत्तरेकडच्या खिडकीतून संधिप्रकाशाची पट्टी रात्रभर दिसत राहते. मावळतीचा उजेड क्षितिजाला धरून हळूहळू सरकतो आणि त्याचीच पहाट होते. खिडकीजवळ जागा मिळालेल्या कोणीही झोपेचा मोह आवरून एकदा तरी ते पाहावे.

आता झोपेचा जमाखर्च मांडू. उड्डाणाचे साडेसहा तास. वर चढून पट्टे सोडण्याची सूचना मिळेपर्यंत अर्धा तास. जेवणाला आणि ताटे उचलायला एक-सव्वा तास. उतरण्याआधी सुमारे सव्वा तास दिवे लागतात, नाश्ता येतो, खुर्च्या सरळ कराव्या लागतात. हातात उरतात साडेतीन तास. बिझनेस क्लासमध्ये जेवण अनेक पदार्थांचे आणि सावकाश असते. ते सगळे जेवायचे ठरवले तर तीनच. हे ओळखून काही कंपन्या विमानतळावरच्या विश्रामकक्षातच प्रवाशाला रात्रीचे जेवण देतात, म्हणजे त्याने विमानात शिरल्याबरोबर आडवे व्हावे. बिछाना कितीही मऊ असला तरी रात्र पाच तास चाळीस मिनिटांचीच आहे आणि तिकिटाच्या किमतीने ती वाढत नाही.

दोरा आणि वारा

ही रात्र इतकी आखूड का होते, याचे अर्धे उत्तर अक्षांशांत आहे. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे १११ कि.मी. नाशिकच्या अक्षांशावर तो १०४ कि.मी.च्या आसपास येतो आणि लंडनच्या अक्षांशावर केवळ ७० कि.मी. उरतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. म्हणूनच ग्रीनिचपासून रेखांश सारखेच दूर असूनही न्यूयॉर्क–लंडन हे अंतर सुमारे ५५५० कि.मी. आणि लंडन–मुंबई हे सुमारे ७२०० कि.मी. भरते. पहिल्या टप्प्यात ७४ अंश साडेसहा तासांत संपतात, दुसऱ्यात जवळजवळ तेवढेच अंश संपायला नऊ तास लागतात. सूर्याच्या भेटीला माणूस अटलांटिकवर अधिक वेगाने धावतो.

शाळेतील पृथ्वीगोल काढून न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. तो सरळ पूर्वेला जात नाही. उत्तरेकडे वाकून न्यूफाउंडलंडवरून आणि आयर्लंडवरून जातो. सपाट नकाशावर वाकडा दिसणारा हा मार्ग गोलावर सर्वांत जवळचा असतो. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. पण विमाने या दोऱ्यावरूनच जातात असेही नाही, आणि येथे वारा येतो.

विषुववृत्ताकडची हवा उष्ण आणि ध्रुवाकडची थंड असल्यामुळे, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेच्या नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उत्तर अटलांटिकवरचा जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० कि.मी.च्या पुढे सहज जातो. गोदावरीला पाणी आले असताना होडी प्रवाहाबरोबर सोडली आणि तीच होडी प्रवाहाविरुद्ध वल्हवली तर जो फरक पडेल, तोच येथे पडतो. दीड तासाचे कोडे त्यातून सुटते. म्हणूनच अटलांटिकवर रोज दोन वेळा नवे मार्ग आखले जातात. रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वारा पाठीशी घेणारे, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वारा चुकवणारे. कॅनडातील गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचे शानविक ही केंद्रे हे काम सांभाळतात.

अटलांटिक ओलांडणाऱ्या पहिल्या वैमानिकांनाही हे ठाऊक होते. १९१९ च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राउन न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला सोळा तासांत आले, १९२७ मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत आला. दोन्ही उड्डाणे पूर्वेकडे, वाऱ्याबरोबर. उलट दिशेने न थांबता विमान नेणे १९२८ च्या एप्रिलपर्यंत कोणाला जमले नव्हते. आपली एअर इंडिया बोइंग ७०७ घेऊन लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली ती १४ मे १९६० रोजी.

याच जेट प्रवाहाने एकदा गंमत केली. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री अटलांटिकवर मोठे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग काही काळ ताशी १३०० कि.मी.च्या वर होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी १०६० कि.मी.च्या आसपास असतो. मग विमानाने ध्वनीला मागे टाकले का? नाही. ध्वनीचा वेग हवेच्या सापेक्ष मोजायचा असतो आणि हवाच विमानाला घेऊन धावत होती. पण आमचे लक्ष दुसऱ्या आकड्याकडे आहे. ४ तास ५६ मिनिटे म्हणजे न्यूयॉर्क आणि ग्रीनिच यांच्या सूर्यांमधील अंतराएवढीच वेळ. त्या रात्री प्रवाशांच्या मनगटावर एक तास होईपर्यंत खिडकीबाहेर बरोबर दोन तास होत होते. वृत्तपत्रांनी विक्रमाचे कौतुक केले. आडवे होण्यासाठी हजारो डॉलर मोजलेल्यांना त्या रात्री दोनच तास झोपायला मिळाले असतील, हे कोणी लिहिले नाही.

पश्चिमेकडे जाताना नेमके उलटे घडते. सूर्याला आकाशात स्थिर ठेवायचे तर ताशी १५ अंश पश्चिमेला जावे लागते. विषुववृत्तावर याचा अर्थ ताशी १६७० कि.मी., पण ६० अंश अक्षांशावर ८३५ कि.मी. फक्त. हा साध्या प्रवासी विमानाच्या आवाक्यातला वेग आहे. १९७६ ते २००३ या काळात प्रवासी नेणारे कॉंकर्ड विमान तर लंडनहून निघून घड्याळाच्या हिशेबाने निघण्याच्या वेळेआधीच न्यूयॉर्कला उतरत असे.

रात्रीच का?

न्यूयॉर्कहून सकाळी ८ ला निघाले तर लंडनला रात्रीचे साडेसात-आठ वाजतात. सगळा दिवस विमानात जातो आणि पोहोचल्यावर हॉटेलचा खर्च येतो. अशी काही विमाने आहेत, पण थोडी. व्यापाऱ्याला सोयीचे काय? संध्याकाळपर्यंत न्यूयॉर्कच्या कचेरीत काम करावे, रात्री विमानात बसावे आणि सकाळी दहाला लंडनच्या बैठकीला हजर व्हावे. विमान कंपनीलाही ते परवडते, कारण सकाळी उतरलेले विमान दुपारपूर्वी पुन्हा पश्चिमेला धाडता येते. ‘बिझनेस क्लास’ या नावातच हा हिशेब आहे. या वर्गात पूर्ण आडवी होणारी आसने ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली. एक प्रवासी पुढे तोंड करून आणि शेजारचा मागे तोंड करून, अशी मांडणी केल्यामुळे दोघांचे रुंद खांदे आणि दोघांचे अरुंद पाय एकमेकांत बसले. आजही अनेक विमानांत झोपणाऱ्याचे पाय पुढच्या आसनाच्या बाजूच्या फळीखाली जातात. बाकावर तीनऐवजी चार मुले बसवताना आपण जे करतो तेच हे शास्त्र.

बिछान्याने काय मिळते

येथे मुलांचा हिशेब बराच बरोबर ठरतो. बसलेल्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत सुमारे ८० सें.मी. उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याचा दाब पाण्याच्या नळीतल्याप्रमाणेच काढता येतो : उंची गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण. तो पाऱ्याच्या सुमारे ६० मि.मी. इतका भरतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन रक्त वर ढकलतात आणि नीलांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पण तासन्‌तास निश्चल बसले की हा पंप बंद पडतो. केशवाहिन्यांतून पाणी ऊतींत झिरपते आणि पाय सुजतात. चपला घट्ट होतात त्या यामुळे. माणूस आडवा झाला की स्तंभाची उंची जवळजवळ शून्य होते. शिवाय बसून लागलेली झोप उथळ असते, मान पडली की जाग येते. गुडघे आखडलेल्या सत्तरीच्या माणसाला आडवे होता येणे ही चैन नव्हे.

बसून राहण्यात आणखी एक धोका आहे. पायाच्या खोल नीलांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. याला एके काळी ‘इकॉनॉमी क्लासचा आजार’ म्हणत. हे नाव चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांपेक्षा अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो साधारणपणे सहा हजारांत एक इतका असतो. कारण विमानाचा वर्ग हे नसून हालचाल न करणे हे आहे. आगगाडी, बस, मोटार यांतही तो असतो. महागड्या आसनावर झोपेची गोळी घेऊन एकाच कुशीवर पडून राहणारा त्यातून सुटत नाही. पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. इतरांनी दर तासा-दोन तासांनी उठून चालावे आणि बसल्याबसल्या पावले वरखाली करावीत. नाशिकला परतणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण दोन विमानप्रवासांनंतर मुंबईपासून कसारा घाट चढून घरी येईपर्यंत आणखी चार-पाच तासांचे बसणे त्याच्या वाट्याला येते.

बिछान्याने काय मिळत नाही

हवा सर्वांना एकच. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी, २२६ हेक्टोपास्कल, आणि तापमान शून्याखाली ५६ अंशांच्या आसपास असते. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. पण ती समुद्रसपाटीइतकी दाबत नाहीत. सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच दाब ठेवणे नियमाने पुरेसे मानले आहे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे रात्रभर आपण कळसूबाईच्या माथ्यावर आणखी साडेसातशे मीटरचा डोंगर रचून त्यावर झोपलेले असतो. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत ही उंची १८०० मीटरपर्यंत आणली आहे, म्हणजे कळसूबाईहून थोडी अधिक.

दाब आणखी का वाढवत नाहीत? २४०० मीटरच्या दाबालाही विमानाच्या भिंतीवर दर चौरस मीटरला आतून बाहेर सुमारे पाच टनांचा रेटा पडतो. प्रत्येक उड्डाणात विमान फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरताना आकसते. हजारो वेळा असे झाले की धातू थकतो. १९५४ मध्ये कॉमेट जातीची विमाने याच कारणाने आकाशात फुटली होती. ७८७ चा सांगाडा मुख्यतः कार्बन तंतूंच्या संमिश्राचा असल्यामुळे त्याला हा थकवा कमी येतो. (ओझरच्या विमान कारखान्यात काम करणारे पालक वर्गात असतील तर या विषयावर त्यांना बोलवावे. धातूच्या थकव्याबद्दल ते आमच्यापेक्षा पुष्कळ चांगले सांगतील.)

मुलीकडून परत आणलेला नाशिकच्या चिवड्याचा पुडा हे यासाठी सुरेख उपकरण आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथे सीलबंद केलेल्या पुड्यातील हवा विमानात सुमारे सव्वापट जागा मागते आणि पुडा टम्म फुगतो. उलट, विमानात झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली मुंबईत उतरेपर्यंत चेपते. तिच्यातल्या हवेचे आकारमान चौथ्या भागाने कमी झालेले असते. तीच गोष्ट कानाच्या पडद्यामागच्या हवेची. म्हणून विमान उतरताना झोपून राहू नये, आवंढा गिळत राहावे.

या दाबाला श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश असतो. करोनाच्या साथीत, २०२० नंतर, घरोघरी आलेला ऑक्सिमीटर विमानात बोटाला लावला तर निरोगी माणसाचाही आकडा नव्वदीच्या पहिल्या दोन-चार अंकांवर आलेला दिसतो. त्याला त्याचा काही त्रास होत नाही. पण ज्यांचा आकडा घरीच त्र्याण्णव असतो, अशा दमा-फुप्फुस-हृदयविकाराच्या रुग्णांसाठी ही गोष्ट गंभीर आहे. त्यांना विमानात वेगळा प्राणवायू लागेल का, हे निघण्यापूर्वी ठरवावे लागते. बिझनेस क्लासचे तिकीट त्याला पर्याय नाही.

बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. ती तापवून आत घेतली की सापेक्ष आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते. बेदाण्याच्या शेडमध्ये कोरडा वारा द्राक्षांचे जे करतो तेच येथे ओठांचे आणि नाकाच्या आतल्या त्वचेचे होते. नाक कोरडे पडल्यामुळे वास कमी येतो आणि जेवण बेचव लागते. स्वयंपाक्याचा त्यात फारसा दोष नसतो. चहाही मनासारखा होत नाही. त्या दाबाला पाणी ९२ अंशांनाच उकळते.

मेंदूतले घड्याळ

आता मुख्य गोष्ट. आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, काही हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे दैनिक घड्याळ चालवतो. पेशींमधील हे घड्याळ जनुके कशी चालवतात, हे माशांवर प्रयोग करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या या घड्याळाचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे ते मागे सारणे सोपे आणि पुढे ढकलणे अवघड जाते. पश्चिमेला गेलेला माणूस लवकर रुळतो, पूर्वेला आलेला रखडतो, हा सर्वांचा अनुभव यातून आला आहे. ढोबळमानाने पूर्वेकडे दिवसाला एक तास एवढीच दुरुस्ती होते.

हे घड्याळ मुख्यतः उजेडाने लावले जाते, आणि येथे एक खुबी आहे. शरीराचे तापमान पहाटे, नेहमीच्या जाग येण्याच्या दोनएक तास आधी, सर्वांत खाली जाते. त्या क्षणानंतर पडलेला उजेड घड्याळ पुढे नेतो. त्याआधी पडलेला उजेड ते मागे खेचतो. सहा महिने न्यूयॉर्कला राहून सातला उठणाऱ्या आजोबांचा हा क्षण पहाटे ५ चा. लंडनला तेव्हा १० वाजलेले असतात. सकाळी साडेसातला उतरल्यावर ‘ताजेतवाने व्हायला’ ते उन्हात काचेजवळ जाऊन बसले तर त्यांचे घड्याळ पुढे जाण्याऐवजी मागे सरकेल. दहापर्यंत गडद चष्मा लावून आतल्या बाजूला बसावे, दहानंतर उजेडात यावे. बिछान्यावर झोपून आलेल्यालाही हा नियम तसाच लागू आहे. साडेतीन तासांच्या झोपेने थकवा उतरतो, पण घड्याळ जागचे हलत नाही.

नाशिकला पोहोचल्यावर हिवाळ्याच्या दिवसांत तोच क्षण दुपारी साडेतीनला येतो. म्हणून पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन टाळून चारनंतर गोदाकाठी किंवा गंगापूर रोडला फिरायला जाणे अधिक फायद्याचे. पुढे रोज ही वेळ तासाभराने अलीकडे आणावी. तरीही पूर्ण रुळायला आठ-दहा दिवस लागतात. काहींची घड्याळे तर इतक्या मोठ्या फरकाला उलट दिशेनेच फिरतात. रात्री दोनला आजोबा स्वयंपाकघरात दिवा लावून बसलेले दिसले तर त्यांना निद्रानाश झाला असे समजून गोळ्या देऊ नयेत. त्यांच्या मेंदूत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात.

औषधांचे मात्र वेगळे. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे दिवसातील ठरावीक अंतराने घ्यायची असतात. न्यूयॉर्कच्या एका रात्री ८ पासून नाशिकच्या दुसऱ्या रात्री ८ पर्यंत घड्याळात चोवीस तास दिसतात, प्रत्यक्षात गेलेले असतात साडेतेरा. भिंतीवरचे घड्याळ पाहून मात्रा घेतली तर ती दहा तास आधी पडते. कोणती मात्रा कधी आणि किती, याचा कागद निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, आणि त्या कागदावर वेळा ‘निघाल्यापासून किती तासांनी’ अशा मांडून घ्याव्यात.